कुंपण चिकटवल्यासारखं का दिसतं?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. कोकणातल्या आजोळच्या घराचं फोटोवरून जलरंगात चित्र करायला घेतलंत. कौलारू घर, मागे आंबा-फणसाची गर्दी, पुढे तांबडी वाट आणि वाटेच्या कडेनं बांबूची वई, म्हणजे काठ्यांचं कुंपण. घर जमलं, झाडं जमली, शेवटी वई काढायला बसलात आणि चित्र हातचं गेलं. आधी तपकिरी रंगात काढली तर झाडीत दिसेना. मग त्यावरच पांढऱ्या पोस्टर कलरनं काढली, तर घरासमोर कोणी कंगवा उभा करून ठेवलाय असं दिसायला लागलं. आता तुम्ही विचारताय की मास्किंग फ्लुइड वापरायला हवं होतं का, कुठल्या कंपनीचं घ्यावं, की पोस्टरऐवजी चांगला गुवाश, म्हणजे अपारदर्शक जलरंग, आणावा.

बाटली आणायची तर आणा, पण तुमचं चित्र बिघडलं ते बाटलीअभावी नाही. कुंपण चित्रात सगळ्यांत पुढे असतं आणि आपल्या डोक्यात सगळ्यांत शेवटी येतं, खरी गोची तिथे आहे. तैलरंगात हे खपून जातं. मागची झाडी करा, वाळू द्या, वरून उजळ रंगाचे चार फटकारे मारा, खुंट उभे. जलरंगात उजेड म्हणजे कागद. त्या जागेवरून गडद हिरवा एकदा फिरला की तिथला उजेड संपला. म्हणून जे पुढे आहे आणि उजळही आहे, त्याचा निकाल पहिल्या वॉशच्या, म्हणजे पातळ रंगाच्या पहिल्या सलग थराच्या, आधी लावावा लागतो. शिवाय तुमची वई डावीकडून उजवीकडे एकाच रंगाची, एकाच उंचीची आणि सारख्या अंतरावरची असणार. फोटो न बघता सांगतो, कारण सगळ्यांचीच पहिली वई तशी असते. माझीही होती.

मी तीसेक वर्षं जलरंगात निसर्गचित्रं करतोय, त्यातली निम्म्याहून अधिक कोकणात, बाहेर बसून. तिथे कुंपण टाळायचं म्हटलं तर थेट पुळणीवर, समुद्राच्या वाळूत, जाऊन बसावं लागतं. प्रत्येक आगराला, म्हणजे बागेला, दगडी गडगा, प्रत्येक खळ्याला, म्हणजे अंगणाला, वई. त्यामुळे कंगवे मी भरपूर काढलेत आणि फाडलेतही.

आता काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगून टाकतो. तुमचा कागद कुठला ते तुम्ही लिहिलेलं नाही. शंभर टक्के कॉटनचा ३०० जीएसएमचा जाड कागद आणि शाळेच्या ड्रॉइंगच्या वहीचा कागद, दोघांना एकच सल्ला लागू पडत नाही. चांगल्या कॉटनवर खरवडणं, मास्किंग सोलणं निभावून जातं, पण रंग आत मुरतो आणि नंतर उचलायला जड जातो. लगद्याच्या स्वस्त कागदाचं उलटं. त्यावर रंग वरवर बसतो, ओल्या ब्रशनं पटकन उठतो, पण मास्किंग सोलताना त्याबरोबर कागदाची सालही येते. दुसरं म्हणजे तुम्ही कुठल्या हवेत रंगवता. एप्रिलच्या दुपारी पुण्या-सोलापूरकडे वॉश बघता बघता वाळतो. जुलैत चिपळूणला तोच वॉश चहा होऊन पेला विसळून ठेवला तरी ओला. खाली मी ज्या वेळा सांगेन त्या घड्याळाच्या नाहीत, कागदावरची चमक बघून ठरवायच्या आहेत.

तिसरं, कुंपण कसलं आहे. आपण सगळ्याला कुंपण म्हणतो, पण रंगवताना त्यांचे स्वभाव वेगळे. बांबूची किंवा चिव्यांची वई म्हणजे उभ्या-आडव्या काठ्या, मधून आरपार दिसतं. जांभ्याचा गडगा म्हणजे भिंतच, त्याला वजन आहे. काजूच्या बागेभोवतीचं सिमेंटचे डांब आणि काटेरी तार म्हणजे जवळजवळ काहीच नाही, फक्त ताल आहे. आणि शेर, निर्गुडी, मोगली एरंड, घायपात यांची जिवंत कुंपणं ही कुंपण म्हणून रंगवायचीच नाहीत, ती झाडी म्हणून रंगवायची. फक्त तिची खालची कड सरळ धावते एवढं सांभाळलं की पुरे. तुमची वई आहे, तेव्हा बहुतेक वेळ तिच्यावरच घालवतो.

एक प्रसंग सांगतो, त्यात सगळं आलं. दापोलीजवळच्या मुरुडला गावातून सरळ रस्ता जातो, दोन्ही अंगांना घरं, मागे नारळी-पोफळीची आगरं. एका सकाळी साडेआठच्या सुमाराला तिथे एका घरासमोर बसलो होतो. समोर वई, नऊ-दहा खुंट. रंगाला हात न लावता मी नुसते खुंट बघत बसलो, एकेक करून. डावीकडचे तीन पोफळींच्या काळपट सावलीपुढे उभे होते आणि त्यांच्यावर तिरकं ऊन पडलं होतं. ते जवळजवळ कोऱ्या कागदाइतके उजळ. चौथ्याचा शेंड्याकडचा अर्धा भाग त्याच सावलीपुढे, म्हणून उजळ, आणि बुंध्याकडचा अर्धा मागच्या सारवलेल्या खळ्याच्या उन्हापुढे, म्हणून गडद. एका काठीचे दोन टोन, म्हणजे उजळ-गडदपणाच्या दोन पायऱ्या, मध्ये कुठेतरी ती चक्क बदलत होती. पाचवा-सहावा पूर्ण खळ्यापुढे, करडे-तपकिरी. सातवा मला दिसलाच नाही. त्याचा टोन आणि मागच्या भिंतीचा टोन इतका एक झाला होता की फक्त शेंडा कळत होता, आणि तोही त्यावर कोणी पायपुसणं वाळत टाकलं होतं म्हणून.

बांबू सगळे सारखेच, एकाच वेळी तोडलेले. फरक त्यांच्या मागे काय होतं याचा. म्हणून माझं सांगणं असं की कुंपण रंगवायला बसू नका, कुंपणामागचं रंगवा. जिथे मागे गडद आहे तिथे खुंट उजळ सोडा, जिथे मागे उजळ आहे तिथे तो गडद काढा, जिथे दोन्ही एक आहेत तिथे तो हरवू द्या. बघणाऱ्याचा डोळा सातवा खुंट आपोआप भरून घेतो. तुम्ही सगळी वई आधी तपकिरी आणि मग सगळी वई पांढरी केलीत. दोन्ही वेळा तिनं मागच्या चित्राशी बोलणंच बंद केलं, म्हणून ती वरून चिकटवल्यासारखी दिसते.

सावंतवाडीचे सा. ल. हळदणकर यांचं हातात दिवा धरलेल्या मुलीचं ‘ग्लो ऑफ होप’ तुम्ही छापील स्वरूपात तरी पाहिलं असेल. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे आणि ते जलरंगात आहे. तिच्या बोटांतून झिरपणारा उजेड आपल्याला जळता वाटतो तो भोवतालच्या अंधारामुळे. बांबूच्या खुंटाला एवढा थोर दाखला देतोय याची गंमत वाटेल, पण हिशेब तोच आहे.

हे प्रत्यक्षात आणायचं तर रंगांच्या आधी पोस्टकार्डाएवढ्या कागदावर मऊ पेन्सिलनं फक्त तीन टोनमध्ये चित्र करायचं: कोरा, मधला, गडद. पाच मिनिटांच्या वर नाही. त्यात घराच्या खिडक्या नकोत, कौलं नकोत. मग वई जिथून जाते तिथे प्रत्येक खुंटाशी ठरवायचं, हा उजळ, हा गडद, हा नाही. मी तर अजूनही मूळ कागदावर खुंटांच्या शेंड्यांशी बारीक खुणा करतो. उजळ खुंटाला दोन कडा, गडद खुंटाला एकच रेघ. रंगवताना घाईत ते विसरायला होतं. तिथे दोन कडा दिसल्या की हात आपोआप थांबतो.

आता उजळ खुंट राखायचे कसे, म्हणजे तुमचा मूळ प्रश्न. रस्ते चार-पाच आहेत आणि मी सगळे वापरतो, पण सारख्या प्रेमानं नाही.

पहिला आणि माझ्या मते उत्तम म्हणजे नुसतं सोडणं. झाडीचा गडद वॉश खुंटाच्या एका कडेपर्यंत आणायचा, थांबायचं, पलीकडच्या कडेपासून पुन्हा सुरू करायचा. लोकांना भीती वाटते की त्यामुळे झाडीचे तुकडे तुकडे दिसतील. दिसतात, जर प्रत्येक फटीत तुम्ही नव्यानं रंग कालवलात तर. पॅलेटवर आधी भरपूर रंग कालवून ठेवा, बारा नंबरचा गोल ब्रश गच्च भरा, आणि फटी सलग भरत चला. रंग मधूनमधून बदलला तरी चालेल, ओलावा तुटता कामा नये. खुंटाची कड थोडी वाकडी झाली तर देवाचे आभार माना, बांबू कुठे सरळ असतो. यात काही उजळ जागा नको तिथे सुटतात, त्या नंतर पातळ रंगानं दाबता येतात. जास्तीचा उजेड कमी करणं या माध्यमात सोपं आहे. गेलेला परत आणणं अवघड.

दुसरा रस्ता मास्किंग फ्लुइडचा. हे अमोनियात राखलेलं रबराचं चीक-पाणी असतं. कागदावर वाळलं की रबराचा पापुद्रा होतो, त्याखाली रंग शिरत नाही. वईसाठी ते मी क्वचितच घेतो. कारण त्यानं राखलेल्या कडा सुरीनं कापल्यासारख्या येतात, सगळ्या सारख्याच तीक्ष्ण, आणि पुन्हा कंगवाच हाती लागतो. तारांचं बारीक जाळं किंवा वईवर चढलेल्या वेलाची उन्हातली पानं असली तर मात्र त्याला तोड नाही. वापरलंत तर ब्रश जुना घ्या, आधी साबणाच्या वडीवर घासून मग बुडवा, नाहीतर केस कायमचे चिकटतील. त्याहून बरं म्हणजे बोरूसारखी तासलेली बांबूची काडी. तिनं रेघ जाड-बारीक येते. कागद पूर्ण कोरडा हवा. आणि काम झालं की त्याच दिवशी सोला. एकदा मे महिन्यात बाहेरचं काम अर्धं टाकून मी बोर्ड गाडीच्या मागच्या काचेशी ठेवला आणि एका लग्नाला गेलो. संध्याकाळी सोलायला घेतलं तर उन्हानं रबर कागदात असं भिनलं होतं की सहा खुंटांपैकी चार खुंट सालासकट हातात आले. ते चित्र मी अजून ठेवलंय, शिकवताना दाखवायला. हेअर ड्रायरचंही तेच. मास्किंगवर गरम हवा नको.

सोलल्यावर जे पांढरंफटक उरतं ते तसंच ठेवू नका. उन्हातला बांबू पांढरा नसतो. रॉ सिएनाचा (मातकट पिवळ्याचा) अगदी पातळ हात फिरवा, एका बाजूला जरा करडा, आणि एखाद-दुसरी कड ओल्या ब्रशनं मऊ करा.

तिसरा रस्ता खरवडण्याचा, आणि हा वईसाठी बनवल्यासारखा आहे. झाडीचा गडद वॉश दिलात की थांबायचं. कागद तिरका धरून बघा, सुरुवातीला पाण्यासारखी झगझगीत चमक असते, मग ती मंदावत मंदावत जाते. ती पूर्ण मरायच्या जरा आधी जुन्या एटीएम कार्डाचा तिरका कापलेला कोपरा, किंवा बोथट पेन-नाइफ, दाबून खालून वर ओढा. रंग बाजूला सरतो आणि उजळ काठी उमटते. तिला स्वतःचीच एक गडद कड मिळते, ती बाजू सावलीची वाटते. फुकटात. पण हेच घाईत, चमक भरपूर असताना केलंत तर उलटं होतं. कार्डानं कागदाला चर पडते, ओला रंग त्या चरीत धावून भरतो आणि उजळऐवजी काळी रेघ मिळते. गंमत म्हणजे गवताच्या काळ्या काड्यांसाठी मी मुद्दाम तसंच करतो. इंग्रज चित्रकार टर्नर याच कामासाठी अंगठ्याचं नख वाढवून ठेवायचा असं सांगतात. तुम्ही कार्डावर भागवा.

चौथा, उचलण्याचा. वॉश वाळल्यावर साध्या केसांचा चपटा, कडक ब्रश ओलसर करून, खुंटाच्या रुंदीनं दोन-तीनदा फिरवायचा आणि लगेच टिश्यूनं टिपायचं. पूर्ण पांढरं निघत नाही, मंद उजेड निघतो, आणि दूरच्या खुंटांना तोच हवा असतो. इथे झाडीचा हिरवा तुम्ही कशापासून केला हे महत्त्वाचं. अल्ट्रामरीन (निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) बऱ्यापैकी उचलले जातात. थॅलो ब्लू, थॅलो ग्रीन कागदाला डाग धरतात, आणि ट्यूबमधल्या बऱ्याच तयार हिरव्यांत थॅलो असतोच. म्हणून कुंपणामागच्या झाडीसाठी मी हिरवा अल्ट्रामरीन आणि पिवळ्यातूनच कालवतो, मागून माफी मागायची सोय राहते.

पाचवा रस्ता अपारदर्शक पांढऱ्याचा. त्याला शिवायचंच नाही असं म्हणणारे शुद्धिवादी आपल्याकडे पुष्कळ आहेत. मी त्यांच्यातला नाही. पण पांढरा हा मीठ आहे, भाजी नाही. शेवटी दोन खुंटांच्या शेंड्यांवर, एका तारेच्या तुकड्यावर, थोडा पिवळा मिसळून. निव्वळ पांढरा उबदार चित्रात थंड आणि खडूसारखा दिसतो. तुमचं नेमकं तेच झालंय, आणि तेही वईच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: आधी छोट्या स्केचमध्ये खुंटाखुंटाचा निर्णय, जवळचे उजळ खुंट सोडून, मधले खरवडून, लांबचे उचलून, आणि पांढरा अगदी शेवटी, तोही लागला तर. तीन प्रकारे राखलेले खुंट आपोआप तीन प्रकारचे दिसतात, त्यामुळे कंगवा होत नाही. एकाच चित्रात एकच युक्ती वापरण्याचा हट्ट कशासाठी?

आता मांडणी. खुंट लांब जाताना लहान होतात हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्यांच्यामधली अंतरंही आवळत जातात हे हात विसरतो. सपाट जमिनीवर यासाठी एक साधी युक्ती आहे. पहिले दोन खुंट अंदाजानं काढा. त्यांच्या बुंध्यांना जोडणारी जमिनीची रेघ लांबपर्यंत ओढा. आता पहिल्याच्या शेंड्यापासून निघून दुसऱ्याच्या बरोबर मध्यातून जाणारी रेघ काढा. ती जमिनीच्या रेघेला जिथे मिळेल तिथे तिसरा खुंट. दुसऱ्याच्या शेंड्यापासून तिसऱ्याच्या मध्यातून गेलात की चौथा. दोन-तीनदा करून पाहा, मग डोळ्यालाच सवय होते आणि पट्टी लागत नाही.

अजून एक, तुम्ही बसून काढता की उभ्यानं. माणूस उभा असेल तर डोळा साधारण पाच फुटांवर, चार फुटी वईचे सगळे शेंडे क्षितिजाच्या खाली राहतात. घडीच्या स्टुलावर बसलात तर डोळा साडेतीन फुटांवर आला, आता तेच शेंडे क्षितिजाच्या वर जातात, जवळचे जास्त, लांबचे थोडे. फोटो उभ्यानं काढलेला आणि मनातली आठवण लहानपणची, म्हणजे वईच्याही खालून बघणारी, अशी सरमिसळ झाली की वई तरंगते. आजोळच्या चित्रांत हे फार होतं.

आणि कोकणात सपाट जमीन असते कुठे? वई चढावरून जाते, पाखाडीच्या (पायऱ्यांच्या वाटेच्या) कडेनं उतरते, वहाळापाशी (ओढ्यापाशी) खचते. अशा वेळी खुंट उभेच राहतात, बुंध्यांची रेघ मात्र जमिनीबरोबर वर-खाली होते. हे वरदान समजा. तांबड्या वाटेवर चढ दाखवायला कितीही छटा लावल्या तरी जे कळत नाही ते पाच खुंटांचे बुंधे एका वळणावर बसवले की कळतं. त्यातला एखादा कललेला, एखादा तुटून बुटका, एका ठिकाणी दोन जवळजवळ, कारण जुना कुजला आणि शेजारी नवा ठोकला. वई दर पावसाळ्यानंतर डागडुजीला येते. नवा बांबू पिवळट-हिरवा, जुना राखाडी. एवढं एक निरीक्षण घातलंत तर बघणारा म्हणेल, हे घर याला माहीत आहे.

आडव्या काठ्या आणि तारा यांच्याबद्दल थोडक्यात. पूर्ण ओढू नका. रिगर नावाचा लांब केसांचा बारीक ब्रश मिळतो (जहाजांच्या दोरखंडांची रेघ ओढायला तो वापरत, म्हणून हे नाव), त्यात रंग कमी आणि मनगट सैल ठेवून हात झटक्यात न्यायचा, खरबरीत कागदावर रेघ स्वतःच तुटत जाते. तार दोन डांबांमध्ये किंचित झोळ खाते, ताठ पट्टीसारखी नसते. काटेरी तारेचे काटे तर काढूच नका. एका ठिकाणी दोन ठिपके दिले की बाकीचे दिसायला लागतात.

तुमच्या चित्रात गडगा नाही, तरी दोन ओळी लिहिल्याशिवाय मला राहवत नाही, कारण जांभ्याइतकी मजा दुसऱ्या कशात नाही. इथे चूक नेमकी उलट होते, माणसं एकेक चिरा सुटा काढतात आणि भिंतीऐवजी फरसाण होतं. गडगा आधी एक आकार म्हणून घ्या. माथ्यावर पडलेलं ऊन कोरं सोडा किंवा फिकट ऑकर, आणि पुढचा चेहरा बर्न्ट सिएना व लाइट रेडचा एकच सलग ओला वॉश, त्यात खाली उतरताना अल्ट्रामरीन सोडत जायचा. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि जांभ्याची भोकं आपोआप उमटतात. वाळल्यावर कोरडसर ब्रश आडवा घासून थोडा खडबडीतपणा, आणि दगडांमधल्या फटी फक्त चार-पाच ठिकाणी, त्याही जिथे सावली खोल आहे तिथेच. मे महिन्यात तो तांबडा असतो. श्रावणात काळपट होतो, माथ्यावर शेवाळ आणि फटींतून नेचे. एकच गडगा दोन ऋतूंत रंगवून पाहा, दोन वेगळ्या पेट्या लागतात.

सावल्यांचं काम मी सगळ्यांत शेवटी आणि एका दमात करतो. सकाळी आठ-नऊला किंवा साडेचारनंतर खुंटांच्या सावल्या वाटेवर आडव्या पडतात. सूर्य समोर असेल तर त्या तुमच्याच दिशेनं पसरत येतात, आणि तेव्हा वईला उजळ राखायची फारशी गरजच उरत नाही. ती गडद, सावल्या गडद, मध्ये पेटलेली वाट. नवशिक्यानं कुंपणाचं पहिलं चित्र अशाच समोरच्या उजेडात करावं असं मी नेहमी सांगतो. सावली जमिनीच्या प्रत्येक उंचवट्यावरून वाकून जाते, चाकोरीत उतरते, पलीकडे चढते. तिचा रंग काळा नाही. तांबड्या वाटेवर ती जांभळट तपकिरी, गवतावर गर्द हिरवी. बुंध्यापाशी तीक्ष्ण, पुढे मऊ. खुंट मनासारखे झाले नसले तरी सावल्या नीट पडल्या की वई जमिनीत रोवली जाते. तुमच्या चित्रात बहुतेक सावल्याच नाहीत, म्हणून पांढऱ्या काठ्या हवेत उभ्या आहेत.

राहिली रचना. कागदाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग गेलेली वई बघणाऱ्याला सांगते, आत यायचं नाही. घर तिच्या पलीकडे अडकतं. तिला कुठेतरी तोंड हवं. खरोखरच्या वईत ते असतंच, बेडं. बांबूंचं ते हलकं फाटक, अर्धवट उघडं, तिथून वाट आत खळ्यात शिरते. ते चित्राच्या मधोमध नको, घराच्या दाराच्या बरोबर समोरही नको, जरा बाजूला. डोळा वाटेवरून येतो, वईच्या कडेनं सरकतो, बेड्यातून आत जातो आणि ओटीवर टेकतो. बेडं नसेलच तर एखादी फांदी वईवर ओणवी येऊ द्या, किंवा सावलीत चार खुंट बुडवा. अडसर मोडला म्हणजे झालं.

आता हातात असलेल्या चित्राचं काय करायचं. पोस्टर कलर पाण्यानं पुन्हा विरघळतो, तेव्हा आशा आहे. स्वच्छ पाण्याचा मऊ ब्रश एका खुंटावर फिरवा, दहा मोजा, टिश्यूनं दाबून उचला. घासू नका, नाहीतर पांढरा आणि खालचा हिरवा मिळून दुधाळ चिखल होईल. दरवेळी ब्रश धुवा, पाणी बदला. एका बैठकीत चार-पाच खुंटच करा आणि मध्ये कागद वाळू द्या. असे निम्मे-अधिक खुंट काढून टाका. जिथे मागे उजळ आहे तिथे ते गडद रंगानं पुन्हा घाला, झाडीपुढचे तीन-चार पांढरे राहू द्या. त्यांच्यावर रॉ सिएनाचा पातळ हात द्यायचा तो एकाच फटक्यात, दुसऱ्यांदा ब्रश गेला की पांढरा उठतो. मग सावल्या. कागद स्वस्तातला असेल आणि पृष्ठभागाचे तंतू वर यायला लागले असतील, तर थांबा आणि चित्राचा वरचा दोन तृतीयांश भाग माउंटमध्ये, म्हणजे पुठ्ठ्याच्या चौकटीत, बसवून टाका. घर आणि झाडं जमली आहेत म्हणता, ती कशाला वाया घालवायची.

नव्यानं करायचं ठरवलंत तर तो फोटो मोबाइलमध्ये आधी ब्लॅक अँड व्हाइट करून बघा, कुठला खुंट उजळ आणि कुठला हरवतोय ते लगेच कळेल. आणि आजोळच्या कोणाला तरी फोन करून विचारा, वईत बेडं नक्की कुठे होतं. फोटोत ते फणसाच्या आड गेलेलं असणार.